नेम चुकला तरी

परदेशात पाखरांची शिकार करणारी मंडळी हंगामाआधी मातीच्या तबकडीवर हात साफ करून घेतात. नेमबाजाने ‘पुल’ म्हणायचे, यंत्राने ११ सेंटिमीटरची तबकडी भिरकावायची आणि ती खाली यायच्या आत बंदुकीने तिचा भुगा करायचा. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरेच उडवून मारली होती. मातीची तबकडी अमेरिकेत निघाली १८८० साली. त्याच साली आपल्या खानदेशातल्या आसोद्याला कवयित्री बहिणाबाई जन्मल्या. पाखरांचे भले दोघींनीही केले, असे मला उगीचच वाटते.

खानदेशात मात्र सगळा प्रकार उलटा. इथे मातीच बंदुकीची गोळी होते. चोपडा-अमळनेरकडच्या काळ्या वावरात दगड शोधून सापडत नाही, म्हणून पोरे चिखलाचे लिंबाएवढे गोळे उन्हात वाळवून ठेवतात. दादर ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. पार मध्य आशियातून येऊन नेमक्या आपल्याच पंगतीला बसणारी ही वऱ्हाडी मंडळी! राखणदार माळ्यावर उभा राहतो. गोफणीच्या एका टोकाचा फास बोटात, दुसरे टोक चिमटीत, झोळीत गोळा. डोक्याभोवती गरगर फिरवायचे आणि चिमटीतले टोक सोडायचे. नवशिक्याचा गोळा मागच्या बांधावर जातो, नाहीतर माळ्याखाली जेवायला बसलेल्याच्या भाकरीवर. म्हणून आधी रिकामी गोफण फिरवायची. टोकाचा ‘फट्ट’ आवाज साधला की निम्मी राखण झाली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदूकवाल्यांचा छंद बसला. गोफणवाल्यांचे काही अडले नाही. त्यांना पाखरू मारायचे नव्हतेच, उठवायचे होते. धुळ्याकडच्या एका आबांना मी विचारले, “आबा, नेम चुकला तर?” ते म्हणाले, “पाखरूले लागनं ते त्यानं नशीब. नही लागनं तरी उडी जास, भाऊ.”

इतका निर्धास्त नेमबाज मी दुसरा पाहिला नाही. मग मीही चढाओढीने त्यांना राज्यवर्धन राठोडांची गोष्ट सांगितली: २००४, अथेन्स, एकदम दोन-दोन तबकड्या हवेत, धाड धाड, आणि रौप्यपदक! आबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, गोफण गुंडाळून खांद्यावर टाकली आणि विचारले, “मंग वावरमां पडेल त्या खापरा कोन येचस?”