थांबा, पुढचा येतोय!

नवा फोन घ्यायचा विषय ऑफिसात निघाला, की शेजारच्या टेबलावरून हमखास आवाज येतो, ‘आत्ता अजिबात घेऊ नका.’ का, तर सप्टेंबरात नवा येतोय. सप्टेंबरात तो आला, की ‘नावालाच नवा हो, खरी मजा पुढच्या वर्षी.’ पुढच्या वर्षीच्या फोनची बॅटरी, कॅमेरा, रंग आणि किंमत हे गृहस्थ मुलीसाठी आलेलं स्थळ सांगावं तशा खात्रीनं सांगतात. त्यांच्या स्वतःच्या फोनचं पारदर्शक कव्हर मात्र पिवळं पडलेलं असतं, टेम्पर्ड ग्लासचा कोपरा उचकटलेला असतो आणि त्याला लागणारा मायक्रो-यूएसबी चार्जर आता ऑफिसात दुसऱ्या कुणाकडेच नसतो.

त्यांना थापाडे म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं पुष्कळदा बरोबर येतं. पण बरोबर काय येतं, ते पाहा. फोन बाजारात येण्याआधी कित्येक महिने त्याचे भाग ठरलेले असतात, कव्हरवाल्यांना मापं लागतात, भारतात विकायचा तर भारतीय मानक ब्यूरोकडे (बीआयएस) मॉडेल नंबर नोंदवावा लागतो. म्हणजे ठरलेली गोष्ट यांना चार दिवस आधी कळते, एवढंच. आयफोनला टाइप-सी येणार हे भाकीत त्यांनी मिशांवर ताव देत केलं. पण युरोपीय संघानं २०२२ मध्ये तसा कायदाच केला होता आणि २०२४ अखेरची मुदत दिली होती. २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी आलं, यात दिव्यदृष्टी कसली? २०११ मध्ये जगभरचे यांचे भाऊबंद आयफोन ५ ची शपथ घेत होते. आला ४ एस. २०२१ मध्ये उपग्रहाद्वारे संपर्काची सोय आयफोन १३ मध्ये येणार होती, ती १४ मध्ये आली. अशा वेळी यांच्या मते भाकीत चुकत नाही, कंपनी लेट होते.

किमतीच्या बाबतीत तर ते गणितच मांडतात: डॉलरमधली किंमत, गुणिले आजचा दर, अधिक कस्टम ड्यूटी, अधिक १८ टक्के जीएसटी. उत्तर रुपयापर्यंत अचूक. फक्त १३ पासून १६ पर्यंत चारही साधे आयफोन भारतात ७९,९०० लाच उतरले. मधल्या काळात रुपया घसरला, २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरची कस्टम ड्यूटी २० वरून १५ टक्क्यांवर आली, तरी आकडा जागचा हलला नाही. ऐंशी हजारांच्या आत राहायचं हा दुकानदारीतला निर्णय. तो गुणाकारातून कसा निघणार? त्यात हे फोन बऱ्याच प्रमाणात भारतातच जुळवले जातात, हे यांच्या हिशेबात नसतंच.

कुणी म्हणेल, असू दे, पण त्यांच्यामुळे लोकांचे पैसे वाचतात ना! ऑगस्टात विचारणाऱ्याचे खरंच वाचतात. नवा आला की जुना उतरतो, दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डावर आणखी सूट मिळते. महिनाभर थांबणं शहाणपणाचंच. पण यांचं थांबणं दिवाळीला संपत नाही, कारण लगेच सॅमसंगची नवी गॅलेक्सी डोकावू लागते. आणि ज्या फोनसाठी वर्षभर थांबवलं तोच सेलमध्ये स्वस्त झालेला दाखवला, तर चष्मा कपाळावर सरकवून, आवाज खाली आणत विचारतात, ‘स्वस्त का केला असेल, याचा विचार केलात?’