न्यू फोल्डर (४)

निवृत्तीच्या निरोप समारंभात ‘आता पुढे काय?’ असं कुणी विचारलं की उत्सवमूर्ती शाल-श्रीफळ सांभाळत तीन संकल्प सांगतात. नर्मदा परिक्रमा, पेटी शिकणं आणि ‘घरातले सगळे फोटो एकदा कॉम्प्युटरवर नीट लावून टाकायचेत’. यातले पहिले दोन पार पडल्याची उदाहरणं आढळतात.

तिसऱ्याचं भिजत घोंगडं पाहायचं असेल तर त्या घरचा डी ड्राइव्ह उघडावा. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’, ‘फोटो’, ‘फोटो नवीन’, ‘फोटो नवीन फायनल’, ‘बाबांचा जुना मोबाइल’, ‘बाबांचा जुना मोबाइल - कॉपी’. ‘न्यू फोल्डर (४)’ उघडला की आत ‘डी ड्राइव्ह बॅकअप’ आणि त्याच्या आत पुन्हा एक ‘न्यू फोल्डर’. तीन नंबरचा कुठे गेला हे कुणी विचारत नाही. सर्वांत जड फोल्डरचं नाव ‘नंतर बघू’. अख्ख्या यादीत खरं बोलणारं नाव तेवढं एकच.

रोलच्या काळात ही वेळ येत नसे. छत्तीसचा रोल महाबळेश्वरला नेला आणि त्यातले दहा फोटो बारशासाठी राखून परत आणला, अशी शिस्त होती. प्रत्येक खटक्याला धुलाईचे आणि प्रिंटचे पैसे पडत, त्यामुळे निवड बटण दाबण्याआधीच होऊन जाई. फोटो हातात आला की घरातलं कुणीतरी त्याच्या पाठीवर बॉलपेनने लिही : ‘महाबळेश्वर, मे ७८. डावीकडून आत्या, तिची नणंद, मागे घोडेवाला.’ पन्नास वर्षं होत आली तरी घोडेवालासुद्धा ओळखता येतो.

१९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. फोटो केवढा, तर ०.०१ मेगापिक्सेलचा. त्याच वेगावर विज्ञान थांबलं असतं तर मुंजीत एकूण साठ फोटो निघाले असते आणि गुरुजींनाही मंत्र म्हणायला वेळ मिळाला असता. पण प्रगती झाली. आता बटू भिक्षेची झोळी पसरतो त्या एका क्षणाचे अकरा फोटो निघतात. अकरापैकी एकही पुसायचा नाही, कारण प्रत्येकात कुणी ना कुणी चांगलं आलेलं असतं.

या फोटोंना नावं ठेवण्याचं काम माणसाने कधीच सोडलं. ते कॅमेरा करतो. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९८ मध्ये त्याचा नियम ठरवून दिला. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर, त्यात शंभरपासून ९९९ पर्यंत क्रमांकांचे उपफोल्डर, आणि फाइलचं नाव बरोबर आठ अक्षरांचं : चार कंपनीच्या पसंतीची, चार आकडे. आठ अक्षरांची मर्यादा डॉसच्या जमान्यातून चालत आलेली. म्हणून नातवाचं पहिलं पाऊल हे ‘डीएससी_०४१२’ असतं, आणि ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते.

खरी गंमत इथेच. एकच कॅमेरा आठ-दहा वर्षं वापरला की घरात दोन-तीन ‘डीएससी_०४१२’ तयार होतात. ते एका फोल्डरमध्ये ओतायला गेलं की विंडोज एक्सपी नम्रपणे विचारायचं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? खाली चार बटणं. त्यातलं ‘येस टु ऑल’ हे बटण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा इतिहास गिळून बसलं आहे. गोव्याच्या सहलीने २००९ चे गणपती पुसले, गोव्याला साखरपुड्याने पुसलं. दाबणारा माणूस एमएस-सीआयटी उत्तीर्ण. प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये आहे. त्याचा फोटो डी ड्राइव्हमध्ये, तीन ठिकाणी.

नाव चुकलं तरी तारीख खरी असेल, असा एक भाबडा समज आहे. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात ‘एक्झिफ’ नावाचं टिपण असतं. त्यात कॅमेऱ्याचं मॉडेल, ॲपर्चर, शटर, तारीख-वेळ, मोबाइल असेल तर ठिकाणसुद्धा. मात्र तारीख कॅमेऱ्याच्या घड्याळावरून पडते, आणि घड्याळाची बॅटरी संपली की कॅमेरा कारखान्यातल्या आपल्या जन्मतारखेला परत जातो. मग डी ड्राइव्हच्या नोंदीनुसार नातू आईच्या लग्नाआधी जन्मलेला असतो. न्यू जर्सीच्या भावाने आणून दिलेला कॅमेरा तर इथे येऊनही मनाने तिकडेच राहतो. मे महिन्यातला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा मुहूर्त तो मध्यरात्रीनंतर २ वाजून १० मिनिटांनी लागलेला दाखवतो. अक्षता टाकणारे हजर, पुरणपोळी वाढणारे हजर, बाहेर लख्ख ऊन.

एवढ्यावरही काही घरांत तारखेनुसार फोल्डर करण्याची हिंमत होते. ‘१ मे २०११’, ‘१ जानेवारी २०१४’, ‘२ एप्रिल २००८’. कॉम्प्युटर आकड्यांच्या क्रमाने लावतो, त्यामुळे सगळ्या एक तारखा एकत्र, मग सगळ्या दोन तारखा. अशा फोल्डरांत शिरलं की माणूस दर पायरीला सहा वर्षं म्हातारा किंवा तरुण होतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिलं की सगळं आपोआप रांगेत बसतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने हा क्रम १९८८ पासून लावून दिला आहे. पण तो सुचवणाऱ्या भाच्याला ‘आमच्याकडे असं उलटं लिहीत नाहीत’ म्हणून गप्प केलं जातं. विंडोजमध्ये सी-ओ-एन नावाचा फोल्डर बिल गेट्सलाही करता येत नाही, हा फॉरवर्ड ज्या घरात तोंडपाठ आहे, त्या घरात चालणारी नावं ठेवायला कुणाला सवड नाही.

त्यात व्हॉट्सॲप आलं. ते फोटो दाबून लहान करतं, पोटातलं टिपण काढून टाकतं आणि फाइलच्या नावात स्वतःची तारीख घालतं. ती असते फोटो पाठवल्याची. पणजोबांचा १९३८ सालचा, फेट्यातला, खुर्चीच्या हातावर हात ठेवून काढलेला फोटो चुलत्याने ग्रुपवर टाकला की तो २०१९ च्या ऑगस्टमधला होऊन बसतो. शेजारी त्याच दिवशीचं ‘शुभ सकाळ’, जास्वंदीच्या फुलासह. ग्रुपमधल्या चाळीस जणांच्या फोनमध्ये पणजोबा आले, आणि ज्यांनी पुढे पाठवले त्यांच्या ‘सेंट’ फोल्डरात आणखी एकदा.

शुभ सकाळचा महिमा तर थेट सिलिकॉन व्हॅलीत पोचला. भारतातले फोन वारंवार भरून का अडतात याचा शोध घेताना गुगलच्या लोकांना फुलं, सूर्योदय, चहाचे कप आणि देव सापडले. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फाइल्स गो’ ॲपला असली चित्रं हुडकून पुसायची सूचना करता येऊ लागली. इकडे त्या ॲपची माहिती सकाळी सव्वासहाला सूर्योदयाच्या चित्रावर छापून पाठवली गेली.

त्याआधी एक सुवर्णयुग होऊन गेलं, त्याचं नाव पिकासा. गुगलने ते २००४ मध्ये विकत घेतलं आणि फुकट वाटलं. २००९ मध्ये त्याला चेहरे ओळखता येऊ लागले, तेव्हा कितीतरी काकांना आयुष्याला नवा अर्थ सापडल्यासारखं झालं. पिकासा एकेक चेहरा पुढे करून विचारायचं, ही तीच का? काका एकेक होकार देत रात्री दोनपर्यंत बसायचे. मावशी आणि मावशीच्या सासूबाई एकच आहेत असा पिकासाचा ठाम ग्रह झाला आणि तो दोन्हीकडे कळवण्यात आला, तेव्हापासून त्या घरात दिवाळीचा फराळ जात नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुगलने पिकासा बंद करत असल्याचं जाहीर केलं. चिकटवलेली नावं पिकासाच्या स्वतःच्या नोंदवहीत होती. ती फोटोच्या फाइलमध्येच लिहायची असतील तर सेटिंगमध्ये एक खूण करावी लागे. ती खूण करणारा काका दुर्मीळ. मग कॉम्प्युटर हँग व्हायला लागला, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तीनशे रुपयांत फॉरमॅट मारून दिला आणि सगळे नातेवाईक पुन्हा अनोळखी झाले.

फुकटाचा दुसरा अंक गुगल फोटोजचा. मे २०१५ मध्ये हवे तितके फोटो विनामूल्य ठेवा म्हणाले. १ जून २०२१ पासून हिशोब सुरू झाला, आणि १५ जीबीत फोटो, मेल, ड्राइव्ह सगळं बसवा म्हणाले. चाळीस हजारांचा फोन हसत घेणाऱ्या घराला महिन्याचे शे-सव्वाशे रुपये हा सरळ सरळ दरोडा वाटला. बाणेदारपणे हार्ड डिस्क आणली गेली. पहिली कपाटात आहे, तिची ती चपटी, मधे खाच असलेली पिन वाकली म्हणून दुसरी आणली. दुसरी पहिलीच्या शेजारी.

पीटर क्रो नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने यासाठी एक सुटसुटीत नियम सांगितला आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरचं महत्त्व मुंबईकराला समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तळमजल्यांवरचे कित्येक अल्बम पानं चिकटून एकसंध ठोकळे झाले. आपल्याकडे नियमाचं रूपांतर असं झालं : तीन प्रती, तीन हार्ड डिस्क, एक कप्पा, वर डांबराच्या गोळ्या. घराबाहेरची प्रत म्हणून जी ठाण्याच्या लेकीला दिली होती, तिच्यावर जावयाने वेब सिरीज उतरवल्या.

दरम्यान बॉलपेनची सोय गेलेली नाही, हे कुणाच्या गावी नाही. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘डिटेल्स’मध्ये गेलं की शीर्षक, टॅग, शेरा असे रकाने दिसतात. तिथे मराठीत लिहिता येतं आणि जेपीजी असेल तर ते फाइलच्या आतच साठतं. फोटो दुसऱ्या डिस्कवर गेला तरी मजकूर सोबत जातो, व्हॉट्सॲपच्या हाती सापडला नाही म्हणजे झालं. हल्लीची ॲपं ‘समुद्र’, ‘कुत्रा’, ‘केक’ म्हटलं की भराभर फोटो काढून देतात. डावीकडून दुसरी ती आत्याची नणंद, हे त्यांना कोण सांगणार? ज्यांना माहीत आहे त्या सोफ्यावर बसून मालिका बघतायत, आणि ज्याला टाइप करता येतं तो आणखी एका हार्ड डिस्कचे ऑनलाइन भाव बघतोय.

कारण अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. फोटो पुसणं हा घरात कौटुंबिक निर्णय आहे, आणि कौटुंबिक निर्णय बैठकीशिवाय होत नाहीत. याचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे लग्नाच्या अल्बमचं ‘सिलेक्शन’.

फोटोग्राफर पेन ड्राइव्ह देतो. त्यात चार हजार फोटो. ‘करिझ्मा अल्बमसाठी दोनशे निवडून नंबर पाठवा, पंधरा दिवसांत अल्बम.’ पहिल्या रविवारी दोन्ही घरची माणसं टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून बसतात. एक वही घेतली जाते, मागच्या पानांवर दुधाचा हिशोब असलेली. ‘४५१२ घ्या’, ‘४५१२ मध्ये काका जेवतायत’, ‘मग ४५१३’, ‘त्यात काकू जेवतायत’. हळदीच्या अर्ध्यावर पोहे येतात. त्या दिवशी तीनशे दहा नंबर लिहून होतात आणि अजून सीमांतपूजन लागलेलं नसतं.

दुसऱ्या रविवारी कापाकापी. मुलाकडचे बावन्न, मुलीकडचे एकेचाळीस असं कुणीतरी मोजून काढतं. आहेर देताना प्रत्येकाचा फोटो आलाच पाहिजे, नाहीतर त्यांच्या घरच्या कार्यात आपलाही येणार नाही. थोरल्या आत्याचे डोळे अकराही फोटोंत मिटलेले, धाकटीचे उघडे. धाकटीचा घेतला तर थोरलीचाही घ्यावा लागतो, मिटलेल्या डोळ्यांचा, आणि ‘ध्यान लागलं होतं’ असं म्हणायचं ठरतं. नवरा-नवरीचे स्वतःचे फोटो किती येतात याची चौकशी नवरा-नवरी करत नाहीत. ती दोघं तोवर बंगळुरूला नोकरीवर रुजू झालेली असतात आणि व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतात. हे वाक्य दोन्हीकडे वेगवेगळं ऐकू येतं.

तिसरा रविवार होत नाही. फोटोग्राफर दर दोन महिन्यांनी ‘सर सिलेक्शन झालं का’ असा मेसेज टाकतो, हात जोडलेल्या इमोजीसह. त्याला ‘या रविवारी नक्की’ असं उत्तर जातं. आगाऊ रक्कम त्याच्याकडे अडकलेली, चार हजार फोटो त्याच्या डिस्कवर अडकलेले. शेवटी काही स्टुडिओंनी पावतीवरच छापायला सुरुवात केली आहे, की तीन महिन्यांत निवड न कळवल्यास डेटा सांभाळण्याची जबाबदारी आमची नाही. वधूपित्याने चष्मा लावून ते बारीक टायपातलं वाक्य दोनदा वाचलं, कॅलेंडरवर बोटाने आठवडे मोजले आणि आत हाक मारून सांगितलं, ‘अगं, अजून सतरा दिवस आहेत.’