पुठ्ठ्याची लेणी

कराडात रात्री अकरानंतर एखाद्या घरात दिवा दिसला, तर अभ्यास चालू आहे असं खुशाल समजावं. तो मुलाचा असेलच असं नाही. परवा आमच्या शेजारी वडील पुठ्ठा कापून आगाशिवची लेणी कोरत होते. आई फेविकॉलची बोटं पदराला पुसत ‘अहो, खांब तिरका गेलाय’ म्हणून बजावत होती. आणि ज्याच्या नावानं ही लेणी शाळेत जायची, तो चौथीतला शिल्पकार केव्हाच घोरत पडला होता. ‘यंदा आमची स्कॉलरशिप आहे, लग्नाला जमायचं नाही,’ असं हीच माउली भावकीला कळवून मोकळी झाली आहे.

याच गावात, टिळक हायस्कुलात, यशवंतराव चव्हाण शिकले. वडील लहानपणीच गेलेले. आई विठाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे वह्या तपासायची सोय नाही, निबंध सांगायचा प्रश्नच नाही. त्यांनी कष्ट उपसले, ओव्या म्हणून पोरांना धीर दिला. थोरल्या भावांनी घर ओढलं आणि धाकट्याला शिकू दिलं. मोठेपणी कोण होणार, असं शाळेत विचारल्यावर या धाकट्यानं सांगितलं, मी यशवंतराव चव्हाण होणार. आज कुणी असं उत्तर दिलं, तर संध्याकाळच्या आत पालकांना बोलावणं जाईल.

पुढं १९३२ साली शाळेच्या आवारात झेंडा लावल्याबद्दल पोराला अटक झाली. माफी मागितली तर सुटका होईल, असं विठाबाईंना सुचवण्यात आलं. त्यांनी ते मानलं नाही. पोराला तब्येत सांभाळायला सांगितलं आणि घरी परतल्या. मॅट्रिक व्हायला १९३४ उजाडलं. वय वर्षं एकवीस! पण घरानं हाय खाल्ली नाही.

आता पोरं तुरुंगात धाडा, असं कोण म्हणेल? पण आपल्या पोराला वेळेवर झोपवणं, चार घास त्याच्यासोबत जेवणं, शाळेत काय झालं ते मार्कांचा विषय न काढता विचारणं, आणि नापास झाला तरी ताट वाढणं, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. याला ना क्लास लागतो, ना फी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव तसंही छापून येतं. पेपर तेवढा पोराला लिहू द्यावा.