मतदार उठवण्याची रीत

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी शहरी मतदाराला शिव्या घालण्याचा कार्यक्रम महाराष्ट्रात नेमाने पार पडतो. २०१९च्या लोकसभेला कल्याणमध्ये जेमतेम ४५ टक्के मतदान झाले, तेव्हा तो पार पडला. त्याच वर्षी विधानसभेला कुलाबा ४० टक्क्यांवर थांबला, तेव्हाही. सोमवारी मतदान ठेवले की मतदार शनिवार-रविवार जोडून लोणावळा गाठतो, हे निवडणूक आयोगाच्या लक्षात आले आणि २०२४च्या विधानसभेसाठी त्याने मुद्दाम बुधवार काढला. कुलाबा ४४ टक्क्यांवर आला. त्याच बुधवारी कोल्हापूरच्या करवीर मतदारसंघात सुमारे ८५ टक्के लोकांनी बटण दाबले.

करवीरचा माणूस जास्त संपादकीये वाचतो, अशातला भाग नाही. तिथे मतदाराला घरात बसूच देत नाहीत. गल्लीत दोन गट असतात, दोन्ही गटांची माणसे दूध संस्थेपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे असतात आणि दुपारी तीनपर्यंत कोण बाहेर पडलेले नाही हे दोन्ही गटांना पाठ असते. कुलाब्यातल्या टॉवरमध्ये एकाच मजल्यावरच्या चार घरांना एकमेकांची आडनावेही माहीत नसतात. तिथे सिनेनटांनी शाई लावलेले बोट दाखवून कितीही आवाहन केले तरी लिफ्ट काही खाली येत नाही.

तेव्हा उदासीनता हटवण्याची खरोखर तळमळ असलेल्या सुजाण नागरिकाने वाचकांच्या पत्रव्यवहाराला पत्र पाठवणे थांबवावे आणि जवळच्या पक्ष कार्यालयात जाऊन बसावे. पुढील मार्गदर्शन त्याच्यासाठीच आहे.

पहिला प्रश्न, कोणता पक्ष? २०२२च्या जूनपर्यंत हा प्रश्न अवघड होता. त्यानंतर शिवसेना फुटली, वर्षभराने राष्ट्रवादी फुटली आणि प्रश्न दुप्पट अवघड झाला. विचारसरणी पाहून पक्ष निवडण्याची पद्धत जुन्या पिढीतल्या काही मंडळींनी अजून जपली आहे, तिचा आदर करावा. व्यवहारात मात्र एकच कसोटी उपयोगी पडते: निवडणूक नसलेल्या महिन्यात, एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ज्या कार्यालयाचे शटर वर असेल आणि आत माणूस बसलेला असेल, तो पक्ष स्थानिक आहे असे समजावे. बाकीचे फक्त फ्लेक्सवर असतात. मिस्ड कॉल देऊन मिळालेले सदस्यत्व इथे धरत नाहीत. तसे सदस्य आपण कोणत्या पक्षाचे आहोत हे अनेकदा स्वतःच विसरलेले असतात.

ही कसोटी हवेतून आलेली नाही. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि मुंबईत शाखांचे जाळे विणले गेले. शाखा हे प्रकरण भाषणांवर चालले नाही. नळाला पाणी नाही, पोराला शाळेत प्रवेश नाही, दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका नाही, नवऱ्याने घराबाहेर काढले, असे काहीही झाले तरी माणूस आधी शाखेत जायचा. त्या कामांच्या पद्धतीवर, विशेषतः आवाज चढवण्याच्या पद्धतीवर, आक्षेप घेण्यासारखे पुष्कळ होते. पण मतदानाच्या दिवशी गटप्रमुख दारात आला तर 'आपण कोण?' असे त्याला कुणी विचारत नसे. समाजवाद्यांकडे एवढी शटरे नव्हती, त्यांच्याकडे मृणाल गोरे होत्या. गोरेगावातून १९६१ साली त्या नगरसेविका झाल्या, पाण्यासाठी बायकांचे हंडा-मोर्चे काढून 'पाणीवाली बाई' झाल्या, १९७२ला आमदार आणि १९७७ला खासदार. इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत हरल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा फिरली. म्हणजे नळापासून संसदेपर्यंत सोळा वर्षे. होतकरू कार्यकर्त्याने एवढा वेळ हाताशी ठेवावा.

नळापासून सुरुवात करायची तर आधी नगरसेवक हवा. मुंबई महापालिकेची मुदत मात्र मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षे नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. गटाराची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जायचे तो माणूसच कायद्याने नाहीसा झाला होता, आणि मग मतदानाला कुणी यावे म्हणून वर्तमानपत्रांत आवाहने छापून आली. लोकांची सवय मोडायची असेल तर यापेक्षा नामी पद्धत शोधून सापडणार नाही. कल्याण-डोंबिवलीने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. तिथे अनेक जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या. मतदारच नको म्हटले की उदासीनतेचा प्रश्न मुळापासून सुटतो.

आता यादी. प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला वाटते की आपल्याला भाषण करायला बोलावले आहे. त्याच्या हातात मतदार यादीचे एक पान दिले जाते. भाजपने या पानाला माणूस नेमून त्याला 'पन्नाप्रमुख' ही पदवी दिली. पदवी भारदस्त असली तरी काम हेच: पानावरच्या तीसेक नावांची दारे ठोठावणे. गिरगाव, लालबाग, परळ भागात हे पान घेऊन फिरणाऱ्याला उदासीनतेविषयी अशी माहिती मिळते की चर्चासत्रात ती कधी ऐकू येत नाही. चाळ पुनर्विकासाला गेलेली असते. खोली नंबर १४ मधले कुटुंब भाडे घेऊन विरारला, १५ मधले बदलापूरला, १६ मधले आजोबा वारलेले, पण यादीत अजून ठणठणीत. १७ मधली मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, तिचे नाव इथेही आणि कदाचित तिथेही. या सगळ्यांची गणना टक्केवारीच्या छेदात होते. दुसऱ्या दिवशी अग्रलेखात 'मुंबईकर झोपला' असे छापून येते तेव्हा त्यातला बराचसा मुंबईकर विरार लोकलमध्ये उभा असतो आणि एक स्वर्गात.

म्हणून भाषणाआधी अर्ज शिकावेत. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी ७, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी ८. हे तीन आकडे ज्याला तोंडपाठ आहेत तो कार्यकर्ता 'लोकशाही वाचवा' म्हणणाऱ्या दहा जणांना भारी पडतो. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या मतदाराला घरून मत देता येते, पण त्याचा अर्ज वेळेत भरावा लागतो, आणि तो भरून घ्यायला कुणीतरी आजींच्या पलंगापाशी बसावे लागते. हे काम कोणत्याही जाहीरनाम्यात नसते.

दार ठोठावण्याबाबत एक परदेशी पुरावा द्यायला हरकत नाही, कारण परदेशी पुराव्याशिवाय पुण्यात कुणी ऐकत नाही. येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात प्रयोग केला. कुणाला फोन, कुणाला टपाल, कुणाच्या दारात प्रत्यक्ष माणूस. दारात भेटलेल्या लोकांचे मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढले, फोनचा उपयोग जवळपास शून्य. मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या आवाजात 'नमस्कार, मी तुमचा...' म्हणणाऱ्या तमाम साहेबांनी हे वाचून घ्यावे.

गोव्यात हा प्रयोग कुणी करत नाही, कारण तिथे तो रोजच चालू असतो. चाळीस आमदार, साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार. म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांहून कमी. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. गोव्याचा आमदार लग्नाला आला नाही तर यजमान रागावतो. महाराष्ट्रात आमदार आला तर यजमान घाबरतो. २०२२ला गोव्याने सुमारे ७९ टक्के मतदान केले, यात नवल ते काय!

दार उघडल्यावर काय होईल तेही सांगून ठेवलेले बरे. "काकू, मतदानाला यायचं हं," असे म्हटल्यावर काकू म्हणतील, "मागच्या वेळी पाण्याचं बघतो म्हणाला होतात." इथे पक्षाचे राष्ट्रीय धोरण समजावून सांगू नये. वही काढून तक्रार लिहून घ्यावी आणि आठवड्याने, पाणी आले नसले तरी, पुन्हा जावे. "सगळे सारखेच" म्हणणाऱ्या काकांशी वाद घालू नये. ते सरसकट चूक बोलत नाहीत, आणि त्यांना हे माहीत असते. 'वरीलपैकी कुणीही नाही', म्हणजे 'नोटा'चा पर्याय २०१३पासून यंत्रावर आहे, तो त्यांना सुचवल्यास पक्ष रागावेल. पण काका रांगेत उभे राहतील.

मतदानाच्या दिवशी पक्षाचे साम्राज्य म्हणजे केंद्रापासून शंभर मीटर पलीकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि डोक्यावर छत्री किंवा ताडपत्री. आयोगाने हे इतके बारकाईने ठरवून दिले आहे की तिसरी खुर्ची आली की विरोधी पक्षाचा माणूस मोबाइल काढतो. चिठ्ठी पांढऱ्या कागदावर द्यावी, तिच्यावर चिन्ह नको, पक्षाचे नाव नको. शंभर मीटरच्या आत प्रचाराचा शब्दही काढू नये. मतदारासाठी रिक्षा लावून द्यायचा मोह होतो, पण तो कायद्याने भ्रष्ट आचरण ठरतो. आजींचा हात धरून चालत जाणे ठरत नाही. पैशांची पाकिटे वाटणारे स्वतःला उदासीनतेचे सर्वात मोठे शत्रू मानतात. वास्तविक पाकीट मिळालेला मतदार पुढच्या खेपेला पाकिटाशिवाय उठत नाही, म्हणजे रोग कायमचा होतो. दुपारी एकला पहिला हिशेब करावा: पानावरच्या तीसपैकी किती आले, कोण राहिले. राहिलेल्यांच्या दारात पुन्हा जावे. झोपमोड झाली म्हणून ते चिडतील. चिडू द्यावे.

या उपचाराचा एक दुष्परिणाम मात्र आधी सांगायला हवा. चार-पाच वर्षे पान सांभाळलेल्या कार्यकर्त्याला एके दिवशी वाटू लागते की एवढी दारे आपण ठोठावली, तर तिकीट आपल्यालाच का नको? पक्षालाही तसेच वाटते, फक्त तिकीट तो आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्याला देतो. मग अर्ज भरण्याच्या शेवटच्या दुपारी पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मसाठी जी धावपळ होते ती मतदानाच्या रांगेत कधी दिसत नाही. पुण्यात २०२५च्या डिसेंबरअखेरीस एका इच्छुकाने प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला. उदासीनतेचा तिथे मागमूसही नव्हता. होतकरू कार्यकर्त्याने आपला फॉर्म प्लास्टिकच्या जाड पाकिटात घालून आतल्या खिशात ठेवावा, आणि तो लॅमिनेट करायचा झाल्यास निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना चालेल का, याची आधी चौकशी करावी.