कोल्हापूरला आगगाडीने येऊ इच्छिणाऱ्या परदेशी पाहुण्यांस अनावृत पत्र

प्रति,
युरोप, अमेरिका, जपान व इतरत्रचे समस्त पर्यटक

विषय : भारतीय रेल्वेचे तिकीट काढण्याबाबत.

स्वित्झर्लंडमध्ये तिकीट काढलेला माणूस समोर येईल त्या गाडीत चढतो आणि दिसेल त्या रिकाम्या जागेवर बसतो. भारतातल्या लांब पल्ल्याच्या गाडीत, आरक्षित डब्यात, असे चालत नाही. तिथे जागा आधी मिळवावी लागते. किती आधी, हे पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे त्यावर ठरते. भारतीय प्रवाशासाठी आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. परदेशी पर्यटकाला मात्र 365 दिवस दिलेले आहेत. ‘अतिथी देवो भव’ याचा रेल्वेने लावलेला अर्थ हाच असावा. पुढच्या नवरात्रातला वार, गाडी आणि वर्ग आजच सांगायचा, तर प्रवासी त्रिकालज्ञ हवा, आणि देव तसा असतोच.

या देवांसाठी विदेशी पर्यटक कोटा आहे. तो सगळ्या गाड्यांना नाही, आणि जिथे आहे तिथे जागा थोड्याच. तो ऑनलाइन मिळवायचा तर आयआरसीटीसीवर खाते उघडणे आले. परदेशी मोबाइल क्रमांकावर खाते उघडणाऱ्याकडून वेगळे शुल्क घेतले जाते. पुढे ओटीपी, पुढे वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची परीक्षा, पुढे पासपोर्टचा क्रमांक. संकेतस्थळ रोज मध्यरात्रीच्या सुमारास काही मिनिटे बंद असते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा भर दुपार असते आणि तिथला पर्यटक नेमका जेवणाच्या सुट्टीत तिकीट काढायला बसलेला असतो.

स्थानकाचे नाव शोधताना धीर धरावा. कोल्हापूरचे स्थानक श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, तर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. संकेतस्थळ दोन्ही नावे जागेअभावी कापून दाखवते, तेव्हा त्यांतला फरक काही अक्षरांपुरता उरतो. कोल्हापूरचा कोड केओपी आहे, तो पाठ करून ठेवणे सोयीचे.

गाड्यांची निवड मोठी नाही. मुंबईहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी पोहोचवते. कोयना एक्स्प्रेस दिवसा धावते आणि दिवस मावळल्यावर पोहोचवते. पुण्याहून सप्टेंबर 2024 पासून वंदे भारतही आहे, पण आठवड्यातून तीनच दिवस. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाची कोल्हापुरीसारखी वहाण पाहून कोल्हापुरातला चपलांचा बाजार, म्हणजे चप्पल लाइन, गाठायची घाई झालेल्याने आधी वार पाहावा.

आता मुख्य भाग. पैसे भरले, पीएनआर आला, म्हणजे जागा मिळाली असे नाही. तिकिटाच्या तीन अवस्था असतात. कन्फर्म म्हणजे बर्थ आपला. आरएसी म्हणजे साइड लोअर बर्थ दोघांत वाटून, एकमेकांच्या गुडघ्यांचा अंदाज घेत बसायचे. पैसे मात्र दोघांनी पूर्ण बर्थचेच भरलेले. वेटिंग म्हणजे कोणी तरी तिकीट रद्द करेल या आशेवर काढलेले तिकीट. वेटिंगमध्येही जाती आहेत. गाडी जिथून सुटते तिथल्या यादीतले तिकीट लवकर पुढे सरकते, मधल्या स्थानकांच्या सामायिक, म्हणजे पूल्ड, कोट्यातले सहसा शेवटपर्यंत हलत नाही. महाराष्ट्रात लग्नाच्या मोसमात पाहुणे एकमेकांना क्षेमकुशलाच्या आधी ‘वेटिंग किती?’ विचारतात ते यामुळेच. जागांची अंतिम यादी, म्हणजे चार्ट, पूर्वी गाडी सुटण्याच्या 4 तास आधी लागत असे, 2025 पासून त्याहून बराच आधी लागतो. चार्ट लागल्यावरही ई-तिकीट वेटिंगच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत निघतात. पर्यटकाच्या हॉटेलच्या खोलीचे काय, हे रेल्वेच्या कक्षेत येत नाही.

बेत आयत्या वेळी ठरला तर तत्काळ. वातानुकूलित वर्गांसाठी आदल्या दिवशी सकाळी 10 वाजता आणि इतर वर्गांसाठी 11 वाजता खिडकी उघडते, आणि चांगल्या गाड्यांच्या जागा काही मिनिटांत संपतात. दलालांना आळा घालण्यासाठी 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ आधार पडताळणी झालेल्यांनाच मिळते. कारण रास्त आहे, परिणाम विनोदी. ज्याला आपल्या शहराची आणि स्वभावाची सवय आहे तो भारतीय आयत्या वेळी बेत बदलू शकतो. अनोळखी देशात, पोट बिघडलेला, पावसात अडकलेला परदेशी माणूस बदलू शकत नाही. देवाकडे आधार कार्ड नसते. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा पर्यटक बहुधा वर्षभर आधी ठरवतो आणि मग कधीच आजारी पडत नाही.

उरतो खिडकीचा मार्ग. नवी दिल्ली स्थानकाच्या पहिल्या मजल्यावर आंतरराष्ट्रीय पर्यटक कार्यालय आहे. तिथे पासपोर्ट दाखवून कोट्याचे तिकीट मिळते आणि माणसाशी बोलता येते, जे संकेतस्थळावर जमत नाही. स्थानकाबाहेर भेटणारे सज्जन मात्र हे कार्यालय बंद झाले, हलवले किंवा जळाले असे कळवतात आणि शेजारच्या गल्लीतल्या ‘सरकारी’ दुकानात नेतात. त्यांचे ऐकू नये.

मिरज ते कोल्हापूर मार्ग 1891 पासून चालू आहे. कोल्हापूरच्या पुढे रूळ नाहीत, तेव्हा गाढ झोप लागलेला प्रवासीही स्थानक चुकवू शकत नाही.

ता. क. नकाशावर गोवा कोल्हापूरच्या अगदी खाली दिसतो. कोकणात उतरणाऱ्या कोल्हापूर–वैभववाडी मार्गाला 2016-17 च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली आहे, पण मंजुरीवरून गाडी धावत नाही. तोवर रेल्वेने गोव्याला जाणाऱ्याने उलट मिरजेला यावे आणि बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक असा वळसा घालावा. कोल्हापूरकर बसने घाट उतरतात.

कळावे.