नागनिकेचे माहेर

पावसाळ्यात नाणेघाटात लोक जातात ते उलटा धबधबा बघायला, नाहीतर भजी खायला. आमचे मामा जातात पाट्या वाचायला.

जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर जाते, त्यामुळे घाट चढण्याचं पुण्य आमच्या वाट्याला आलंच नाही. वैशाखऱ्याकडून घाम गाळत आलेली पोरं आमच्या कोरड्या बुटांकडे ज्या नजरेनं बघत होती, ती इथे लिहिण्यासारखी नाही. वर दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेनं जुन्नर-पैठणला जाई आणि त्याची जकात या रांजणात पडे, असं सांगतात. मामांनी भक्तिभावानं आत डोकावून पाहिलं. वेफर्सची रिकामी पाकिटं होती.

खिंडीतून जरा खाली उतरलं की लेणं. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख : सातवाहनांनी कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा काय दिली. अश्वमेध, राजसूय, गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. तेही आकड्यांसकट! शून्याची सोय नव्हती, शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. तरी हिशोब चोख. मामी म्हणाल्या, "आमच्या लग्नातल्या आहेराची वही यापुढे काहीच नाही."

मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता उरलेत फक्त पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं. मला तरी त्यात फारसं नुकसान वाटलं नाही. थोरामोठ्यांच्या पायांपलीकडे आपली नजर एरवी जाते कुठे? मामा नावं वाचू लागले. सिमुक सातवाहन, मग देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय…

"आणि हा महारठी," मामा म्हणाले, "हे नागनिकेचे वडील असावेत, असं अभ्यासक मानतात."

मामी एकदम सावध झाल्या. "म्हणजे सासरच्या रांगेत तिनं माहेरचा माणूस बसवला?"

"हो, म्हणजे… राजकीय संबंध असतात त्यात—"

"दोन हजार वर्षांपूर्वी?"

"साधारण."

"आणि आपल्या दिवाणखान्यात तुमचे आजोबा, पणजोबा, ते घोड्यावर बसलेले चुलते. आमच्या अण्णांचा फोटो कुठे आहे?"

अण्णांचा फोटो माळ्यावर आहे. हे मलाही ठाऊक होतं, पण मी जीवधनकडे बघत राहिले. धुक्यात किल्ला दिसत नव्हता, तरी बघत राहिले.

"कोकणातला वारा धबधब्याचं पाणी वर कसं उडवतो, ते जरा बघून येतो," म्हणत मामा भर पावसात लेण्याबाहेर पडले. छत्री मामींच्या हातात होती.