छऱ्याची बंदूक आणि उघडी पंगत
2025च्या सुरुवातीला बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत अंडी कडाडली आणि परसात कोंबड्या पाळायची हौस पुन्हा उफाळली. कोंबड्यांमागून उंदीर येतात, उंदरांमागून रात्रदुर्बीण लावलेली एअर रायफल. शिकाऱ्याचा नेम वादातीत आहे. पंचाईत हिशोबाची आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डेव्हिड डेव्हिस यांनी 1940च्या दशकात बाल्टिमोरच्या गल्ल्यांतले उंदीर अभ्यासले. नुसते मारले तर उरलेले विऊन काही महिन्यांत भरपाई करतात, संख्या खरी घटते ती अन्न आणि आसरा तोडल्यावर, असं त्यांना आढळलं. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेताला सात-आठ पिल्लं. छरा सुटतो एकेक.

‘विषापेक्षा तर बरं?’ हा आक्षेप रास्त आहे. विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडंही मरतात. छऱ्याने मेलेला उंदीर उचलला की झालं. चार-दोन चुकार उंदरांना बंदूक पुरतेही. पण खुराड्याला उंदराचं पिल्लू आरपार जाईल अशी षटकोनी जाळी आणि रात्रभर उघडं खाद्य, ही पंगत चालू ठेवून दारात बंदूकधारी बसवण्याला बंदोबस्त कसं म्हणायचं? अर्ध्या इंचाची चौकोनी जाळी, झाकणाचा पत्र्याचा डबा आणि तिन्हीसांजेला उचललेलं खाद्य, हे सगळं त्या दुर्बिणीच्या किमतीत बसतं. फक्त उंदीर टिपतानाचा व्हिडिओ बघतात तसा जाळी ठोकतानाचा कुणी बघत नाही.